नक्की पुसायचे ना?

टॅब्लेटवरचे एखादे छायाचित्र, एखादे टिपण किंवा वर्गाच्या गुणांची यादी काढून टाकायला गेले, की पडद्याच्या मधोमध एक चौकट उघडते. तीत प्रश्न असतो : ‘तुम्हाला नक्की हटवायचे आहे का?’ खाली दोन बटणे असतात, ‘होय’ आणि ‘नाही’. आपण ‘होय’वर बोट टेकवतो, चौकट मिटते आणि ती वस्तू नाहीशी होते. सारा प्रकार एक-दोन सेकंदांत आटोपतो.

ही चौकट कशासाठी असते? चुकून काही पुसले जाऊ नये म्हणून, असे उत्तर कोणीही देईल. पण मग असे का होते, की चौकट येऊन जाते, आपण ‘होय’ म्हणून मोकळे होतो आणि दुसऱ्याच क्षणी ध्यानात येते, की पुसले ते भलतेच? अशा वेळी ‘नीट वाचायला काय झाले होते?’ असे आपण विद्यार्थ्याला रागावतो किंवा स्वतःला बोल लावतो. आमचे म्हणणे असे, की हा दोष बहुतेक वेळा वाचणाऱ्याचा नसतो. तो त्या प्रश्नाच्या रचनेचा असतो. हे कसे, आणि त्यावर उपाय काय, ते या लेखात पाहू.

शाळेच्या दृष्टीने हा विषय किरकोळ नाही. गुणांची वही कोणी एका झटक्यात कोरी करू शकत नाही. तिची पाने फाडायलाही वेळ लागतो. टॅब्लेटवर मात्र सहा महिन्यांच्या नोंदी आणि एक चुकीचे छायाचित्र, दोन्ही पुसायला सारखाच वेळ लागतो. शिवाय एकच टॅब्लेट चार-पाच मुलांच्या हातांतून फिरत असतो. एका मुलीने पावसाळाभर घेतलेल्या पर्जन्यमापनाच्या नोंदी दुसऱ्या मुलाच्या एका स्पर्शाने जाऊ शकतात. गेलेल्या पावसाचे माप पुन्हा घेता येत नाही.

चिमणी भुर्र, म्हैस भुर्र

लहान मुलांचा एक खेळ सर्वांच्या परिचयाचा आहे. मुले गोल करून बसतात आणि बोटे जमिनीला टेकवतात. म्होरक्या म्हणतो, ‘चिमणी भुर्र’. सगळ्यांची बोटे वर. ‘कावळा भुर्र’, पुन्हा बोटे वर. पोपट होतो, घार होते, आणि मध्येच तो म्हणतो, ‘म्हैस भुर्र!’ दोन-चार बोटे तरी वर जातातच आणि हशा पिकतो.

बोट वर करणाऱ्या मुलाला म्हैस उडत नाही हे माहीत नसते काय? अर्थातच असते. पण पाच-सहा वेळा ‘भुर्र’ ऐकून बोट उचलले, की ‘भुर्र’ हा आवाज आणि बोट उचलणे यांची जोडी जमते. पुढच्या वेळी शब्दाचा अर्थ मेंदूपर्यंत पोचण्याआधीच बोट उठलेले असते. यात मेंदूचा आळस नाही, ती त्याची काटकसर आहे. सायकल चालवताना, बुटाची नाडी बांधताना आपण प्रत्येक हालचालीचा विचार करीत बसलो, तर एकही काम पुरे होणार नाही. वारंवार करावी लागणारी कृती सवयीच्या हवाली करायची आणि लक्ष नव्या गोष्टींसाठी राखून ठेवायचे, अशी ही व्यवस्था आहे.

आता आपल्या चौकटीकडे वळू. आपण जेव्हा काही पुसायला जातो, तेव्हा बहुतेक वेळा ते खरोखरच पुसायचे असते. म्हणजे शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा ‘होय’ हेच बरोबर उत्तर असते. काही दिवसांतच ‘पुसा’ आणि ‘होय’ या दोन स्पर्शांची मिळून एकच सलग कृती होऊन जाते. प्रश्न विचारणाऱ्याला वाटते, की आपण माणसाला थांबून विचार करायला लावला. प्रत्यक्षात त्याचे दुसरे बोट पहिल्याच्या पाठोपाठ ठरल्या जागी पडलेले असते. ज्या एका वेळी ‘नाही’ म्हणायला हवे होते, त्या वेळीही ते तसेच पडते.

मॅकिन्टॉश संगणकाच्या प्रकल्पाची सुरुवात करणारे जेफ रास्किन यांनी २००० साली प्रसिद्ध झालेल्या ‘द ह्युमेन इंटरफेस’ या पुस्तकात हा मुद्दा ठासून मांडला होता. ज्या प्रश्नाचे उत्तर नेहमी एकच असते, तो प्रश्न लवकरच सवयीचा भाग होतो आणि त्याचे रक्षणमूल्य संपते, असे त्यांच्या म्हणण्याचे सार आहे.

वर्गात करून पाहा : ‘भुर्र’चा खेळच प्रयोग म्हणून घेता येईल. वर्गाचे दोन गट करा. पहिल्या गटासाठी दर तिसरे नाव न उडणाऱ्या प्राण्याचे ठेवा. दुसऱ्या गटाला सलग पंधरा पक्षी सांगा आणि मग एक म्हैस. वेग दोन्हीकडे सारखा असावा. प्रत्येक गटात पहिल्या म्हशीला किती बोटे वर गेली ते मोजा. दुसऱ्या गटात ती जास्त असतील का? मुलांना आधी अंदाज करायला सांगा आणि मग मोजदाद फळ्यावर मांडा.

थोडे गणित

कल्पनेतले आकडे घेऊन हिशेब करू. समजा, एका शिक्षिकेने वर्षभरात १००० वेळा काही ना काही पुसले आणि त्यांपैकी १० वेळा ते पुसायचे नव्हते. दर वेळी चौकट येते आणि तिच्यात २ सेकंद जातात. एकूण २००० सेकंद, म्हणजे सुमारे ३३ मिनिटे. सवयीमुळे १० पैकी ८ वेळा ‘होय’ न वाचताच दाबले गेले, असे धरले तर एवढा वेळ घालवून फक्त २ वस्तू वाचल्या.

दुसरी पद्धत अशी. काहीही न विचारता वस्तू काढून टाकायची, पण पडद्याच्या तळाशी एक पट्टी दाखवायची : ‘टिपण काढले. पूर्ववत करा’. बरोबर पुसलेल्या ९९० वेळा या पद्धतीत काहीच वेळ जात नाही. चुकलेल्या १० वेळा एक स्पर्श करावा लागतो. आणि चूक ध्यानात येण्याचा क्षण सहसा पुसण्याच्या आधी नव्हे, तर नंतर येतो. यादीतून भलतेच नाव नाहीसे झालेले डोळ्यांना दिसते तेव्हा. खात्रीचा प्रश्न चुकीच्या क्षणी विचारला जातो, पूर्ववत करण्याची सोय बरोबर क्षणी हाताशी असते. आकडे बदलून पाहावेत. चुकीचे प्रमाण कमी असेपर्यंत निष्कर्ष फारसा बदलत नाही.

हस्तदोष आणि गैरसमज

मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड नॉर्मन आणि जेम्स रीझन यांनी १९८०च्या दशकात मानवी चुकांचा बारकाईने अभ्यास केला. त्यांनी चुकांचे दोन मोठे वर्ग पाडले. एका वर्गात हेतू बरोबर असतो, पण कृती चुकते. चहात साखरेऐवजी मीठ पडते, तसा हा प्रकार. याला आपण हस्तदोष म्हणू. दुसऱ्या वर्गात कृती हेतूप्रमाणेच घडते, पण हेतूच चुकीच्या समजुतीवर बेतलेला असतो. मार्ग चुकलेला माणूस आत्मविश्वासाने उलट्या दिशेला चालत राहतो, तसा. हा गैरसमज.

टॅब्लेटवर ‘सहामाही’ची यादी पुसायची असताना बोट खालच्या ‘वार्षिक’वर पडले, तर तो हस्तदोष. ‘ही जुनी प्रत आहे, नवी दुसरीकडे ठेवली आहे’ असे वाटून एकुलती एक प्रत पुसली, तर तो गैरसमज.

खात्रीचा प्रश्न यांपैकी हस्तदोषाला थोडाफार अडवू शकतो, तोही वाचला गेला तर. गैरसमजाला तो मुळीच अडवत नाही. कारण ज्याचा गैरसमज झाला आहे, त्याला आपले बरोबरच वाटत असते. ‘नक्की ना?’ असे विचारले, तर तो पूर्ण विचारान्ती ‘नक्की’ म्हणतो.

याचे एक प्रसिद्ध उदाहरण पुसण्याचे नसून संदेश पाठवण्याचे आहे, पण तत्त्व तेच आहे. १३ जानेवारी २०१८ रोजी अमेरिकेच्या हवाई राज्यात सकाळी ८ वाजून ७ मिनिटांनी हजारो फोनवर क्षेपणास्त्र हल्ल्याचा इशारा झळकला. हल्ला वगैरे काही नव्हता, ती आपत्कालीन विभागाची सरावचाचणी होती. चौकशीत पुढे आले, की इशारा पाठवणाऱ्या कर्मचाऱ्याचा हल्ला खरा असल्याचा समज झाला होता. पाठवण्यापूर्वी संगणकाने त्याला खात्रीचा प्रश्न विचारला होता. त्याने ‘होय’ म्हटले. सराव असो वा खरा प्रसंग, प्रश्नाचे शब्द सारखेच होते; त्यात ‘हा खरा इशारा लोकांच्या फोनवर जाईल’ असे कुठेच म्हटलेले नव्हते. शिवाय चुकीचा इशारा मागे घेण्यासाठी तयार संदेशही नव्हता. लोकांच्या फोनवर दुरुस्तीचा संदेश पोचायला ३८ मिनिटे लागली. म्हणजे प्रश्न होता, पण परतीची वाट नव्हती.

बोट आणि पडदा

टॅब्लेटवर हस्तदोष अधिक का होतात? माऊसच्या बाणाचे टोक एका ठिपक्याएवढे असते आणि ते कुठे टेकले आहे हे दिसते. बोट जेथे टेकते तो ठसा सुमारे एक सेंटिमीटर रुंदीचा असतो, आणि ज्या बटणावर ते टेकते ते बटणच बोटाखाली झाकले जाते. नेमका कोणता बिंदू दाबला गेला, हे टॅब्लेट त्या ठशावरून अंदाजाने ठरवतो. म्हणून स्पर्शाच्या बटणाची बाजू किमान सुमारे ९ मिलिमीटर असावी, असे अँड्रॉइडसाठीच्या गूगलच्या मार्गदर्शक तत्त्वांत सांगितले आहे.

१९५४ साली पॉल फिट्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी लक्ष्याकडे हात नेण्याच्या वेळेचा नियम शोधला. लक्ष्य जितके दूर आणि जितके लहान, तितका त्यावर हात नेमका पोचायला वेळ अधिक लागतो. हा वेळ अंतर आणि रुंदी यांच्या गुणोत्तराच्या लॉगॅरिथमप्रमाणे वाढतो. एरवी रचनाकार या नियमाचा उपयोग बटणे सोपी करण्यासाठी करतात. पुसण्याच्या बटणाबाबत त्याचा उलटा उपयोग करावा. ‘जतन करा’ आणि ‘पुसा’ ही बटणे शेजारी शेजारी ठेवू नयेत. नेहमीचे बटण मोठे आणि अंगठ्याजवळ असावे, पुसण्याचे बटण दूर आणि एकटे असावे. पडद्याच्या कडेला, जिथे टॅब्लेट धरलेली बोटे सहज टेकतात, तिथे तर ते नसावेच.

आणखी एक बारकावा. मुलांना बटणावर टक्‌टक् असे दोनदा बोट मारण्याची सवय असते. पहिल्या स्पर्शाने चौकट उघडली आणि तिचे ‘होय’ नेमके त्याच जागी आले, तर दुसरा स्पर्श त्याच्यावर पडतो. चौकट दिसायच्या आतच तिला उत्तर मिळून जाते. म्हणून होकाराचे बटण मूळ बटणाच्या जागेपासून दूर हवे, आणि चौकट उघडल्यावर पहिला अर्धा सेकंद कोणताही स्पर्श मोजला जाऊ नये.

पुसणे म्हणजे नेमके काय?

संगणकाची साठवण ग्रंथालयासारखी असते असे समजा. पुस्तके कपाटात असतात आणि कोणते पुस्तक कुठे आहे याची नोंद सूचीत असते. पुसण्याची आज्ञा दिली, की बहुतेक संगणक पुस्तक जाळत नाहीत. सूचीतली नोंद काढतात आणि ‘ही जागा मोकळी’ असे लिहितात. त्या जागेवर नवे पुस्तक येईपर्यंत जुने तिथेच पडून असते. म्हणूनच १९९१ साली आलेल्या एमएस-डॉसच्या ५.० या आवृत्तीत पुसलेली फाइल परत आणण्याची आज्ञा देता आली. मात्र टॅब्लेटमधील फ्लॅश स्मृतीत अशी मोकळी जागा यंत्रणा स्वतःच लवकर साफ करते आणि साठवलेला मजकूर बहुधा सांकेतिक रूपात असतो. त्यामुळे तिथे ‘नंतर कोणीतरी शोधून देईल’ या भरवशावर राहता येत नाही. परतीची सोय अ‍ॅपमध्येच आधीपासून करून ठेवावी लागते.

ती कशी करायची, हे शिक्षकांना वेगळे शिकवायला नको. शाळेच्या दप्तरातली नोंद चुकली तर ती खोडरबराने पुसायची नसते. ती एका रेघेने खोडायची, शेजारी बरोबर नोंद करायची आणि सही-तारीख घालायची. खोडलेले वाचता आले पाहिजे. प्रयोगवहीचाही नियम हाच. अ‍ॅपमध्येही नोंद उडवून न देता तिच्यापुढे ‘काढली, अमुक तारखेला’ अशी खूण करता येते. खूण असलेल्या नोंदी यादीत दाखवायच्या नाहीत, एवढेच. परत आणायची झाली की खूण काढली, काम झाले.

पडद्यावरची कचरापेटी म्हणजे हीच खूण, चित्ररूपात. ती अ‍ॅपलच्या लिसा संगणकावर १९८३ मध्ये, मॅकिन्टॉशवर १९८४ मध्ये आणि विंडोज ९५ मध्ये १९९५ साली आली. आयपॅडवर पुसलेली छायाचित्रे एका वेगळ्या कप्प्यात साधारण ३० दिवस राहतात. गूगल ड्राइव्हच्या कचरापेटीतही वस्तू ३० दिवस टिकतात.

दुसरी एक युक्ती आहे : आज्ञा घ्यायची, पण ती थोडा वेळ अमलात आणायचीच नाही. जीमेलमध्ये पाठवलेले पत्र ‘मागे घेता’ येते ते याच युक्तीने. पत्र खरे म्हणजे ५ ते ३० सेकंद थांबवून धरलेले असते.

मग प्रश्न विचारायचाच नाही का?

विचारायचा, पण जिथे परतीची वाट देता येत नाही तिथेच. आम्ही चार पायऱ्या सुचवू.

पहिली पायरी, एकटी वस्तू. एक टिपण, एक चित्र, एका विद्यार्थ्याची एक नोंद. इथे प्रश्न नको. वस्तू लगेच काढावी आणि ‘पूर्ववत करा’ची पट्टी दाखवावी. अशा पट्टीसाठी गूगलच्या मार्गदर्शक तत्त्वांत ४ ते १० सेकंदांचा अवधी सांगितला आहे. सावकाश वाचणाऱ्याला किंवा पडद्यावरचा मजकूर ऐकून काम करणाऱ्या अंध वापरकर्त्याला तो अपुरा पडू शकतो, म्हणून केवळ पट्टीवर भिस्त ठेवू नये.

दुसरी पायरी, त्यासाठीच कचरापेटी. पट्टी निघून गेली तरी वस्तू ३० दिवस परत आणता यावी. एक संपूर्ण यादी किंवा वहीसुद्धा आधी कचरापेटीतच जावी.

तिसरी पायरी, कायमचे पुसणे. कचरापेटी रिकामी करताना मात्र प्रश्न हवा. तो विरळा येतो, म्हणूनच वाचला जातो.

चौथी पायरी, सगळेच पुसणे. पूर्ण वर्गाचे दप्तर किंवा अख्खा टॅब्लेट कोरा करायचा असेल, तर होकार देणे मुद्दाम कष्टाचे करावे. आयपॅड कोरा करण्याआधी परवलीचा अंक मागतो. प्रोग्राम साठवण्याच्या गिटहब या ठिकाणी एखादा संपूर्ण प्रकल्प पुसायचा तर त्याचे नाव स्वतः टंकावे लागते. नाव प्रत्येक वेळी वेगळे असल्याने हात सवयीने ते लिहू शकत नाही. आणि लिहिता लिहिता ‘अरे, हे तर दुसरेच’ असे सुचण्याची संधी मिळते. म्हणजे गैरसमजालाही इथे थोडा अटकाव होतो.

प्रश्नाची भाषा

आता तिसऱ्या पायरीवरचा प्रश्न कसा लिहावा ते पाहू. ‘तुम्हाला नक्की हटवायचे आहे का?’ या वाक्यात काय पुसले जाणार, किती पुसले जाणार आणि परत मिळणार की नाही, यांपैकी एकही माहिती नाही. तेच असे लिहिता येईल :

‘“सातवी ब, प्रथम सत्र” ही यादी कायमची पुसायची? यात ४२ विद्यार्थ्यांचे गुण आहेत. ते परत आणता येणार नाहीत.’

आणि खाली बटणे : ‘यादी पुसा’ आणि ‘यादी ठेवा’.

इथे वस्तूचे नाव, संख्या आणि परिणाम तिन्ही आहेत. ‘फक्त एक नाव काढायचे होते’ असे वाटणारा माणूस ४२ हा आकडा पाहून थबकेल. गैरसमज दूर होतो तो अशा नव्या माहितीमुळे, ‘नक्की ना?’ असे दहादा विचारून नव्हे. बटणांवर ‘होय-नाही’ऐवजी क्रियापदे असली, तर वरचा मजकूर न वाचणाऱ्यालाही आपण काय दाबतो आहोत ते कळते.

मराठीत प्रश्न लिहिताना आणखी काही खाचखळगे असतात. पहिला ‘रद्द करा’चा. ‘कॅन्सल’ या बटणाचे हे सरसकट भाषांतर. आता प्रश्न ‘सहलीची नोंदणी रद्द करायची आहे का?’ असा असेल आणि बटणे ‘रद्द करा’ व ‘ठीक आहे’ अशी असतील, तर नोंदणी कशाने रद्द होईल? ‘रद्द करा’ म्हणजे नोंदणी रद्द, की रद्द करण्याचा बेत रद्द? तिथे ‘नोंदणी काढा’ आणि ‘नोंदणी राहू द्या’ हेच बरे.

दुसरा खळगा नकारार्थी प्रश्नाचा. ‘ही नोंद ठेवायची नाही का?’ याला मराठी माणूस ‘हो’ म्हणतो, तेव्हा एकाला त्याचा अर्थ ‘हो, नाही ठेवायची’ असा वाटतो, तर दुसऱ्याला ‘हो, ठेवायची’ असा. बोलताना स्वर आणि चेहरा अर्थ सावरून घेतात. पडद्याला स्वर नसतो. म्हणून प्रश्न होकारार्थीच हवा.

तिसरा खळगा या लेखाच्या मथळ्यातच आहे. ‘नक्की पुसायचे ना?’ यातला ‘ना’ होकार गृहीत धरतो. ‘जेवलास ना?’ असे विचारले की तोंडातून आपसूक ‘हो’ निघते. खात्री करून घ्यायची असेल, तर ‘ना’ गाळावा.

रंगाबद्दलही एक सूचना. पुसण्याचे बटण लाल करण्याचा प्रघात चांगला आहे, पण लाल आणि हिरवा यांतला भेद न दिसणारे विद्यार्थी वर्गात असू शकतात. तेव्हा रंगाच्या जोडीला शब्द आणि जागा यांनीही फरक दाखवावा.

जे खरोखर पुसले गेले पाहिजे

परतीची सोय करताना दुसरी बाजू विसरून चालणार नाही. आजच्या टॅब्लेटवरची माहिती बहुधा दूरच्या संगणकावरही साठवलेली असते. जोडणी चालू असताना गूगल फोटोज किंवा आयक्लाउडवरचे छायाचित्र एका उपकरणावरून पुसले, की ते इतर उपकरणांवरूनही जाते. ‘जागा मोकळी करू’ म्हणून टॅब्लेटवरची छायाचित्रे पुसणाऱ्याचा नेमका इथेच गैरसमज होतो. अशा ठिकाणी ‘फक्त या टॅब्लेटवरून’ आणि ‘सगळीकडून’ असे दोन वेगळे पर्याय शब्दांत लिहिलेले हवेत.

उलट, कधी कधी सगळीकडून पुसले जाणे हाच माणसाचा हक्क असतो. एखाद्या पालकाने मुलाचे छायाचित्र काढून टाकायला सांगितले, तर ते कचरापेटीत अनंत काळ पडून राहणे योग्य नाही. भारताच्या २०२३ सालच्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने आपली माहिती पुसून घेण्याचा हक्क नागरिकाला दिला आहे. म्हणून कचरापेटीला मुदत हवी, ती स्पष्ट लिहिलेली हवी, आणि मुदतीआधी कायमचे पुसण्याचा मार्गही हवा. परत आणता येणे आणि खरोखर पुसले जाणे, दोन्ही आश्वासने पाळावी लागतात.

आपल्या टॅब्लेटची परीक्षा

शाळेत वापरात असलेले कोणतेही नोंदींचे अ‍ॅप घ्या. त्यात एक खोटा वर्ग तयार करा, आठ-दहा काल्पनिक नावे भरा आणि विद्यार्थ्यांसह पुढील प्रश्नांची उत्तरे शोधा.

१. एक नाव पुसले, तर ते परत आणता येते का? किती स्पर्शांत? किती वेळाने?
२. सगळा वर्ग पुसताना येणारा प्रश्न आणि एक नाव पुसताना येणारा प्रश्न यांत काही फरक आहे का?
३. प्रश्नात वस्तूचे नाव आणि संख्या आहे का?
४. ‘पुसा’वर झटपट दोनदा बोट मारले तर काय होते?
५. एका टॅब्लेटवर पुसलेले दुसऱ्यावर दिसते का?

वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांनी याच्या पुढे जावे. कागदाच्या चौकटी कापून, त्यांवर प्रश्न लिहून, दुसऱ्या वर्गातल्या मुलांना त्या ‘वापरायला’ द्याव्यात. कोण कुठे अडखळतो, कोण न वाचता बोट ठेवतो याची नोंद करावी आणि प्रश्न पुन्हा लिहावा. यासाठी संगणकाची गरज नाही, निरीक्षणाची आहे.

या परीक्षेत अ‍ॅप नापास झाले, तर दोन गोष्टी कराव्यात. नोंदींची एक प्रत दर आठवड्याला दुसरीकडे काढून ठेवावी. आणि उद्या एखाद्या मुलाच्या हातून काही पुसले गेले, तर ‘वाचले का नाहीस?’ असे विचारण्याआधी त्याच्यासमोर कोणता प्रश्न आला होता, तो पडद्यावर काढून दोघांनी मिळून वाचावा.